दुपारी दोनचे राजनिष्ठ

मनोहरकाकांच्या फाइलमध्ये पाच पासपोर्ट होते, पाचही भारताचे. चारांचे कोपरे रद्द म्हणून कापलेले होते, पाचव्याचे शाबूत होते. ग्रीन कार्डं तीन, त्यांतलं चालू एक. पासपोर्ट साइझचे फोटो सतरा: मिशीवाले नऊ, बिनमिशीचे आठ. डॉक्टरकीच्या लायसन्सच्या प्रती अकरा. गुरुवार, पंचवीस जून रोजी सकाळी नऊ वाजता शपथविधीला हजर राहण्याची नोटीस एक. आणि तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिवळा पडलेला एक छापील मराठी कागद. त्याच्या खाली सहीसाठी रेघ होती, रेघेवर काही नव्हतं. एकूण अडतीस नग.

ही मोजदाद मी कांचनमावशीच्या सांगण्यावरून केली. मावशी माझ्या आईची थोरली बहीण. मनोहरकाका तिचे यजमान, चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त. केमिस्ट्रीत एम.एस. झाल्यापासून मी व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला त्यांच्या बेसमेंटमध्ये राहते. लॅबमध्ये मी डेटा सेंटरांच्या कूलिंगचं पाणी तपासते, त्यामुळे घरात काहीही मोजायचं असलं की ते माझ्याकडे येतं.

फाइल लावायचं कारण असं, की काका वर्षातले सात-आठ महिने पुण्यात असतात. गेल्या वर्षी परत येताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्यांना वीस मिनिटं उभं केलं आणि सांगितलं, की ग्रीन कार्ड इथे राहणाऱ्यांसाठी असतं, इथे पाहुणे म्हणून येणाऱ्यांसाठी नाही. हे असंच चालू राहिलं तर कार्ड जाऊ शकतं. म्हणजे भारतात जास्त दिवस राहायचं असेल तर काकांना अमेरिकन होऊन भारताचं नागरिकत्व सोडावं लागणार होतं. मावशी बावीस वर्षांपूर्वीच अमेरिकन झाली होती. तिचे डॉक्टर, मुलगा परीक्षित, नात उल्का, सगळं इथे होतं. कार्ड गेलं तर काका तिकडे आणि मावशी इकडे.

काकांनी अर्ज केला. मुलाखतीची तयारी उल्काने करून घेतली. उल्का अकरा वर्षांची आहे. तिने प्रश्नांची कार्डं बनवली होती.

"वसाहतीतले लोक ब्रिटिशांविरुद्ध का लढले?" तिने इंग्रजीत विचारलं.

काका सोफ्यावर सरसावून बसले. "सगळे लढले नाहीत. साधारण एक भाग लढला, एक भाग राजाच्या बाजूने होता, आणि उरलेले कोण जिंकतंय ते बघत होते. आता कर हे निमित्त झालं, पण—"

"आबा, जस्ट से टॅक्सेस."

"पण ते अपुरं उत्तर आहे."

"इट्स द आन्सर ऑन द कार्ड."

मुलाखतीत काकांनी 'टॅक्सेस' एवढंच सांगितलं आणि ते पास झाले. घरी आल्यावर म्हणाले, "चौऱ्याहत्तराव्या वर्षी अर्धवट उत्तर देऊन पास झालो."

मग नोटीस आली. परीक्षितने शपथेचा मजकूर प्रिंट करून दिला. काकांनी तो जेवणाच्या टेबलावर पेन घेऊन वाचला, जशी ते पेशंटची केस वाचत असतील तशी. पहिल्या वाक्यापाशी थांबले आणि त्याच्याखाली रेघ ओढली. त्या वाक्याचा अर्थ असा, की आजवर ज्या कोणत्या परक्या राज्याचा मी नागरिक होतो, त्याच्यावरची सगळी निष्ठा मी सर्वस्वी आणि पूर्णपणे सोडतो.

"यात ॲब्सोल्यूटली अँड एन्टायरली आहे," काका म्हणाले.

"असू दे ना, बाबा," परीक्षित म्हणाला. "फॉरमॅलिटी आहे."

"चाळीस वर्षं लोकांना भूल दिली. एन्टायरली कोणी झोपत नाही."

"अहो, कोणाला झोपवायला सांगितलंय तुम्हाला?" मावशी म्हणाली. "हात वर करायचा आणि म्हणायचं. मी म्हटलं, काही झालं का मला?"

"तू म्हटलंस तेव्हा पावशेर पेढे आणले होतेस. तू आधीच ठरवून गेली होतीस."

"आणि तुम्ही?"

काकांनी पेनाला टोपण लावलं. "मी पंचवीस तारखेला जाणार नाही," ते म्हणाले.

ही गोष्ट अकरा जूनची. शपथविधीला चौदा दिवस होते.

त्याच आठवड्यात गावातल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी निमिष घरी आला. निमिष नागपूरचा, दिवसा क्लाउडमध्ये काम करतो आणि उरलेला वेळ मंडळात. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं होत होती, म्हणून गावातल्या म्युझियमने वीस तारखेच्या शनिवारी मैदानावर एक प्रयोग ठेवला होता. १७७७ साली व्हर्जिनियात सोळा वर्षांवरच्या प्रत्येक स्वतंत्र पुरुषाला नव्या राज्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागली होती. तो प्रसंग जसाच्या तसा उभा करायचा: न्यायाधीश, टेबल, वही, दौत, पिसाचं पेन. गावातल्या वेगवेगळ्या संस्थांनी माणसं द्यायची. मंडळाला बारा माणसं द्यायची होती.

"काका, तुम्ही पाहिजेच. तुमचा आवाज स्टेजचा आहे," निमिष म्हणाला.

काका काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "येतील ते. लिहून घे."

निमिष गेल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "कादंबरी, बघ, किती बरं झालं. एकदा लोकांसमोर हात वर करून शपथ घेतली की भीड चेपेल. रंगीत तालीमच की ही."

मला ते पटलं. अवघड कृती करायची तर आधी एकदा नुसत्या पाण्यावर करून बघावी, असं आम्हाला लॅबमध्ये शिकवलेलंच आहे. मी म्युझियमला कारकून म्हणून नाव दिलं. कोण आलं आणि कोणी काय केलं ते वहीत लिहायचं काम.

शनिवारी दीड वाजता आम्ही मैदानावर पोचलो. निमिष टोप्या वाटत होता. तीन कोनांच्या बारा टोप्या, त्यांतली एक लहान मुलाच्या मापाची. ती काकांच्या वाट्याला आली, कारण बाकीच्यांनी आधीच घातल्या होत्या. टोपीबरोबर प्रत्येकाला एक कार्ड मिळालं. त्यावर त्या माणसाचं नाव, धंदा आणि त्याने काय करायचं ते लिहिलेलं. काकांच्या कार्डावर होतं: विल्यम, वय एकावन्न, पिठाची गिरणी. धाकटा भाऊ वॉशिंग्टनच्या सैन्यात. विल्यम राजा जॉर्जशी राजनिष्ठ आहे. तो शपथ नाकारतो.

मावशीने कार्ड दोनदा वाचलं. "निमिष, इकडे ये जरा. हे नाकारतो काय लिहिलंय?"

"आपण राजनिष्ठ आहोत ना, काकू. लॉयलिस्ट."

"सगळे?"

"सगळे बारा. दोन स्लॉट होते. सकाळी साडेनऊला शपथ घेणारे, दुपारी दोनला नाकारणारे. मी दोनचा घेतला."

"का?"

निमिषने तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "काकू, आपली माणसं साडेनऊला येतील का?"

मंडळाचा सकाळचा कोणताही कार्यक्रम अकराच्या आत सुरू झाल्याची नोंद नाही. साडेनऊच्या स्लॉटमध्ये कोरियन चर्चची बारा माणसं आली होती आणि नऊ बत्तीसला सगळी शपथ घेऊन मोकळी झाली होती.

"म्हणजे यांना आता नाही म्हणायची प्रॅक्टिस," मावशी म्हणाली आणि घडीच्या खुर्चीवर बसली.

न्यायाधीश झाले होते मिस्टर प्रुइट. गावातल्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते. पांढरा टोप घालून ते टेबलामागे बसले. मी त्यांच्या डावीकडे वही घेऊन. वहीत दोनच रकाने होते: सही केली, नाकारली. प्रेक्षक सत्तर होते, मी मोजले तेव्हा. उन्हामुळे पुढे एकोणसाठ उरले.

प्रुइट आधी शपथ न घेण्याचे परिणाम वाचून दाखवत. हत्यारं जमा केली जातील. मत देता येणार नाही. कुठलंही पद मिळणार नाही. जमीन विकत घेता येणार नाही.

रांगेत उभे असलेले काका मराठीत म्हणाले, "हत्यार नाही, मत नाही, पद नाही. जमीन तेवढी आहे. अडतीस वर्षं असाच राहतोय मी इथे."

मंडळाची माणसं एकेक पुढे गेली. निमिष सगळ्यात आधी. त्याने छाती काढून सांगितलं, "गॉड सेव्ह द किंग!" आणि प्रेक्षकांनी हुर्यो केली, जशी म्युझियमने सांगितली होती. मग सत्यजित, मग सौमित्र, मग बाकीचे. कोणी हात जोडून नकार दिला, कोणी मुठी वळून. अकरा नकार अठरा मिनिटांत झाले. मी अकरा खुणा केल्या.

काका पुढे आले. टोपी डोक्यावर बसत नव्हती म्हणून त्यांनी ती हातात धरली होती. प्रुइटनी मजकूर वाचला: ग्रेट ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज, त्याचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्यावरची सगळी निष्ठा मी सोडतो.

"विल्यम, तू ही शपथ घेतोस का?"

काकांनी कार्डाकडे पाहिलं. मग वहीकडे. प्रुइटना वाटलं ते वाक्य विसरले, म्हणून त्यांनी हळूच सुचवलं, "आय विल नॉट."

"एक प्रश्न आहे," काका इंग्रजीत म्हणाले. "उत्तराधिकारी म्हणजे नंतरचे सगळे? सहावा जॉर्ज धरून?"

प्रुइटनी टोप थोडा मागे सरकवला. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. "तत्त्वतः हो," ते म्हणाले.

काकांनी माझ्यासमोरून पिसाचं पेन उचललं, दौतीत बुडवलं, जास्तीची शाई कडेला निथळली आणि 'सही केली' या रकान्यात सही केली. विल्यमची नाही, स्वतःची. आडनावासकट.

प्रेक्षकांनी हुर्यो करायची की टाळ्या वाजवायच्या हे कोणाला माहीत नव्हतं. चौघांनी टाळ्या वाजवल्या.

"काका!" निमिष मागून ओरडला. "आपण लॉयलिस्ट आहोत, यार!"

"जॉर्जशी? आमच्या घरातून ते होणार नाही," काका म्हणाले आणि टोपी टेबलावर ठेवून निघाले.

"आबा, यू ब्रोक हिस्टरी," उल्का म्हणाली. तिला फार आनंद झाला होता.

मी वहीत लिहिलं: नकार अकरा, सही एक.

परत येताना गाडी परीक्षित चालवत होता. मावशी पुढे, मागे मी, काका आणि उल्का. मावशीचा चेहरा उजळला होता. ती मागे वळून म्हणाली, "बघितलंत? जमलं की नाही? दोन सेकंदांत सही केलीत. तसंच गुरुवारी."

"तिथे जॉर्जचं नाव होतं. गुरुवारच्या कागदात कोणाचंच नाव नाही."

"नाव नाही ते बरंच आहे की!"

"बरं कसं? नाव नसलं की ते आपण घालायचं असतं."

मग काकांनी, कोणी विचारलं नसताना, फाइलमधल्या त्या पिवळ्या कागदाबद्दल सांगितलं. बेचाळीस साली, सहाव्या जॉर्जच्या राज्यात, त्यांचे वडील येरवड्याला कैदेत होते. एके दिवशी सगळ्यांना छापील हमीपत्र वाटलं: यापुढे सरकारविरुद्ध कोणत्याही चळवळीत भाग घेणार नाही. सही करा आणि घरी जा. वडिलांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि आणखी पाच महिने आत राहिले. सुटताना कागद बरोबर आणला.

"आणि त्या वेळी घर कोण चालवत होतं?" मावशी म्हणाली. तिने ही गोष्ट अनेकदा ऐकली होती. "तेही सांगा की पोरींना."

"सांगतो ना. आप्पा. बाबांचे थोरले भाऊ. कराडला मामलेदार कचेरीत कारकून. ज्या सरकारने बाबांना आत टाकलं, त्याच सरकारच्या पगारावर आमचं घर चाललं. बाबा सुटून आले तेव्हा दोघं शेजारी शेजारी पाटावर जेवायला बसले. मोठी काकू म्हणायची, एक सरकारात, एक सरकारविरुद्ध. कोणीही जिंको, घरातला एक तरी जिंकणारच."

"हू वन?" उल्काने विचारलं.

"बाबा जिंकले. सत्तेचाळीस साली कचेरीवर झेंडा लागला. खुर्च्या आप्पांनी मांडून घेतल्या, कारण ते सीनियर होते. बाबा गर्दीत मागे उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं."

"अँड आप्पा? डिड दे फायर हिम?"

"छे. त्यांनी नव्या सरकारच्या कागदावर सही केली आणि सोमवारी कामावर गेले. पेन्शन घेऊन रिटायर झाले. मी कॉलेजात असताना त्यांना विचारलं होतं, आप्पा, आधी राजाची चाकरी, मग यांची. कोणत्या तोंडाने सही केलीत? तेव्हा मी तसाच बोलायचो."

"मग?" मी विचारलं.

"म्हणाले, सही करायला तोंड लागत नाही."

परीक्षितने सिग्नलला गाडी थांबवली. दोन्ही बाजूंना डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती होत्या. मावशी पुढे बघतच म्हणाली, "तुमचे वडील पाच महिने जास्त आत राहिले, तेव्हा तुमच्या आईने काय केलं, हे मात्र या गोष्टीत कधी येत नाही."

काकांनी उल्काचा सीटबेल्ट तपासला.

"मी एकोणसत्तर वर्षांची आहे," मावशी म्हणाली. "कार्ड काढून घेतलं आणि तुम्हाला परत पाठवलं, तर मी काय करायचं ते सांगा. येऊ तिकडे? मग माझे गुडघे कोण बघणार? राहू इकडे? मग तुमची शुगर कोण बघणार? कागदावर कुठलं नाव घालायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण त्यात एक नाव माझंही घाला."

सिग्नल हिरवा झाला.

बुधवारी संध्याकाळी मी वर गेले तेव्हा काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि समोर शपथेचा कागद होता. ते पेनाने एकेक शब्दसमूहानंतर उभ्या रेघा मारत होते.

"कादंबरी, हे लोक थांबून थांबून म्हणायला लावतात ना? अधिकारी म्हणतो, मग सगळे म्हणतात?"

"हो. मावशीच्या वेळी तसंच होतं म्हणे."

"मग साधारण चोवीस तुकडे होतील," काका म्हणाले. "किती लोक असतील?"

"साठ-सत्तर."

"एकदम म्हणणार. बरं." त्यांनी कागदाची घडी घातली आणि मावशीला हाक मारली. "कांचन, माझा निळा शर्ट इस्त्रीचा आहे का?"

मावशी पाचव्या मिनिटाला इस्त्री करायला लागली. शर्टाला आधीच इस्त्री होती.

गुरुवारी काका गेले. आम्ही सगळे गेलो. हॉलमध्ये नवे नागरिक अडुसष्ट होते, एकतीस देशांचे. अधिकारी बाईंनी एकेका देशाचं नाव घेतलं आणि त्या त्या देशाच्या लोकांना उभं राहायला सांगितलं. भारताचे नऊ. काका उभे राहताना खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे राहिले. शेवटी सगळेच उभे होते. बाई म्हणाल्या, उजवा हात वर करा आणि माझ्यामागून म्हणा. परीक्षित बाजूच्या भिंतीशी मोबाइल घेऊन उभा राहिला. आम्ही मागच्या ओळीत होतो, तिथून काकांची फक्त पाठ आणि वर केलेला हात दिसत होता. अडुसष्ट माणसांचा आवाज एकच येत होता.

ग्रीन कार्ड काकांनी आधीच दारात जमा केलं होतं. नंतर सर्टिफिकेट मिळालं. मावशीने हॉलबाहेरच्या बाकावर डबा उघडून सगळ्यांना पेढा दिला. शेजारच्या बाकावर एक एल साल्वाडोरचं कुटुंब होतं, त्यांनाही दिला. मग तिने काकांच्या खांद्यावर डोकं टेकलं, तिथेच, सगळ्यांसमोर. त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली आहेत. मी हे आधी पाहिलं नव्हतं.

"झालं एकदाचं," ती म्हणाली.

"झालं," काका म्हणाले.

पाचव्या पासपोर्टचे कोपरे अजून शाबूत होते. तो वकिलातीकडे पाठवायचा अर्ज मी त्याच दिवशी दुपारी भरला. फाइलमध्ये सर्टिफिकेट वाढलं आणि चालू ग्रीन कार्ड कमी झालं, म्हणजे नग तेवढेच राहिले. पिवळा कागद होता तिथेच होता, रेघ रिकामी.

संध्याकाळी मावशी बेसमेंटमध्ये आली. "परीक्षितने व्हिडिओ पाठवलाय बघ. फार मोठा आहे. ग्रुपवर टाकायचाय, पुण्याला सगळे वाट बघताहेत. नुसता शपथेचा भाग कापून दे. यांचा चेहरा चांगला आलाय म्हणे."

चेहरा चांगला आला होता. परीक्षित बाजूला उभा असल्यामुळे काका जवळून आणि स्पष्ट दिसत होते. कुठून कापायचं ते ठरवण्यासाठी मी व्हिडिओ हळू करून पाहिला. पुन्हा पाहिला. मग एक कागद घेतला आणि दोन रकाने आखले.

काकांचा अंदाज बरोबर होता, शपथ चोवीस तुकड्यांत झाली. निष्ठा सोडण्याचं वाक्य दुसऱ्या तुकड्यात सुरू होऊन आठव्यात संपत होतं. मी तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा आकडे तेच आले.

हात वर: चोवीसपैकी चोवीस. ओठ हलले: चोवीसपैकी सतरा, पहिला, आणि नववा ते चोविसावा.